काबूलचा विमानतळ आणि कसाऱ्याचा घाट

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती पडले. राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून गेले आणि दुसऱ्याच दिवशी धावत्या विमानाला लोंबकळणारी माणसे साऱ्या जगाने पाहिली. पंधरवड्यात एक लाखाहून अधिक लोक त्या विमानतळावरून सुखरूप बाहेर पडले. पण ज्यांच्याजवळ योग्य कागद नव्हता, ज्यांचे नाव कोणत्याही यादीत नव्हते, ते फाटकाबाहेर ताटकळत राहिले. २६ ऑगस्टला त्याच फाटकावर आत्मघाती स्फोट झाला. १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण नागरिक ठार झाले.

शहापूर-मुरबाडच्या माणसाला काबूलशी काय घेणेदेणे, असे कोणी विचारील. त्यासाठी आधी आपल्या देशाचा इतिहास पाहू.

२ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. तिथला अमीर सौदी अरेबियात पळाला. मागे उरले ते परदेशी कामगार. त्यात दीड लाखाहून अधिक भारतीय होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले. माणसे रस्त्याने इराकमधून जॉर्डनला पोहोचली आणि अम्मानहून विमानाने मुंबईला आली. जवळपास दोन महिने हे काम चालले. ४८८ उड्डाणांतून एक लाखाहून अधिक माणसे परतली. गिनीज बुकात त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. ज्या वि. प्र. सिंग सरकारने ७ ऑगस्टला मंडल अहवाल लागू करण्याची घोषणा केली, त्याच सरकारने १३ ऑगस्टपासून ही मोहीम राबवली. मंडलविरोधाच्या गदारोळात मंडल तेवढे लक्षात राहिले, ही मोहीम विस्मरणात गेली. शासनाने मनावर घेतले तर गरीब कामगारही युद्धातून घरी येतो, हे मात्र तेव्हा सिद्ध झाले.

आता २०२० आठवा. २४ मार्चच्या रात्री अवघ्या चार तासांच्या मुदतीवर देश बंद झाला. मुंबई, भिवंडीचे मजूर डोक्यावर बोचके आणि कडेवर लेकरू घेऊन शहापूर, खर्डी, कसारा घाट अशी पायपीट करत निघाले. इथे युद्ध नव्हते, सरकारही जाग्यावर होते. ७ मे रोजी ‘वंदे भारत’ मोहिमेची पहिली विमाने आखाती देशांतून अडकलेल्यांना घेऊन आली. त्यांना आणले हे योग्यच झाले. पण दुसऱ्याच दिवशी, ८ मेच्या पहाटे, औरंगाबादजवळ करमाड येथे रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. तेही घरीच निघाले होते!

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारले गेले, वाटेत किती मजूर मेले? सरकारने उत्तर दिले की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. विमानातल्या प्रत्येक प्रवाशाची नोंद असते. घाट चढणाऱ्याची नोंद कोणी ठेवली? ज्याची गणतीच नाही, त्याच्यासाठी गाडी कोण पाठवणार? काबूलच्या फाटकाबाहेरचा माणूस आणि कसाऱ्याचा वाटसरू यांचे नाते इथे जुळते.

आमचे कातकरी, ठाकूर बांधव दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याबाहेर जाणाऱ्यांपुरताच होता. मुरबाडहून भिवंडीला जाणारा त्यात बसतच नव्हता. उद्या महापूर आला, साथ आली, तर कोणत्या भट्टीवर कोणाची किती लेकरे आहेत, हे तहसीलदार कशाच्या आधारे सांगणार?

बाबासाहेबांनी मताचे मूल्य सर्वांना समान दिले. सामाजिक जीवनात माणसाचे मूल्य समान नसेल तर लोकशाही धोक्यात येईल, असा इशाराही त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. माणसाचे मूल्य संकटाच्या वेळीच कळते. म्हणून येत्या दिवाळीपूर्वी शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक ग्रामसभेने ठराव करावा : गाव सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे नाव, भट्टीचे ठिकाण आणि मालकाचे नाव ग्रामपंचायतीच्या वहीत लिहिले जाईल, आणि त्याची प्रत तहसीलदारांना दिली जाईल. याला विमान लागत नाही. वही आणि पेन पुरेसे आहे. विचारणारा समाज मात्र जागा हवा.