टेबलावरचा चांदा आणि चुंबकावरची पलटण

१८१८ सालच्या मे महिन्यात लेफ्टनंट कर्नल ॲडम्सची इंग्रज फौज चांद्याच्या तटाखाली येऊन उभी राहिली. त्याआधी १७ एप्रिलला याच ॲडम्सने पांढरकवड्याजवळ शिवणीला दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याला गाठून पिटाळलं होतं. ९ मे रोजी तो चांद्याला पोचला, आणि २० मेच्या सकाळी तोफांनी पाडलेल्या खिंडारातून त्याची पलटण शहरात शिरली. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. भोसल्यांच्या राज्यातला हा बळकट कोट असा हातचा गेला.

आजच्या चंद्रपूरकराला या लढाईची जागा पायाखालची आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर हे चार दरवाजे, बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण या पाच खिडक्या, पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट. खांडक्या बल्लाळशहाने पाया घातलेला आणि पुढच्या गोंड राजांनी पुरा केलेला हा तट दहा-अकरा किलोमीटर लांबीचा. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी त्यावरची झाडंझुडपं काढून तो पुन्हा चालण्याजोगा केला.

हाच वेढा घरातल्या टेबलावर खेळता येतो. त्या छंदाला जगभर वॉरगेमिंग म्हणतात. बोटाच्या दोन पेरांएवढे रंगवलेले सैनिक, मोजायला टेप, नशिबाला फासे आणि वाद मिटवायला नियमांचं पुस्तक, एवढ्यावर हा खेळ चालतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडलेल्या मराठी मुलाला यात अनोळखी काही नाही. फरक एवढाच, की किल्ल्यावरचा मावळा मांडला की मांडला. भाऊबीजेपर्यंत जागचा हलत नाही. वॉरगेममधला सैनिक मात्र प्रत्येक डावाला हलवावा लागतो, आणि खरी पंचाईत तिथेच सुरू होते.

चोवीस जणांना हलवायचं कसं?

वेढ्यात खिंडारावर चालून जाणारी कवायती पलटण एकसंध तुकडीने जाते. टेबलावर अशी पलटण साधारण चोवीस सैनिकांची धरू. प्रत्येक सैनिक २० मिलिमीटरच्या चौकोनी बैठकीवर उभा. सहा-सहाच्या चार रांगा. प्रत्येक डावाला चोवीस जणांना एकेक करून सहा इंच पुढे सरकवायचं, त्यात रांग वाकडी होणार, संगीन शेजाऱ्याच्या टोपीत अडकणार, बाही लागून दोघे-चौघे आडवे होणार. अशा पाच पलटणी असल्या, की अर्धा वेळ सैन्य उभं करण्यातच जातो.

म्हणून ट्रे आला. पातळ पाटा, तीन बाजूंना किंवा चारही बाजूंना बारीक कड, त्यात अख्खी पलटण उभी. ट्रे सरकवला की पलटण सरकली. पण प्लास्टिकचा सैनिक वजनाला अगदी हलका. टेबलावर टेकडी आली, ट्रे तिरका झाला, की तो घसरतो. ट्रे उचलून पलीकडच्या टेबलावर न्यायचा म्हटलं तर श्वास रोखून चालावं लागतं.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे डिंक. सगळ्यांना ट्रेवर चिकटवून टाका. पण लढाईत माणसं पडतात. मेलेला सैनिक उचलून बाजूला ठेवायचा असतो, मागच्या रांगेतून पुढची रांग भरायची असते, रांगेचा स्तंभ किंवा स्तंभाची रांग करायची असते. डिंक धरतो, पण सोडत नाही. नुसता ट्रे सोडतो, पण धरत नाही. हवं तेव्हा धरणारं आणि बोटाने उचलताच सोडणारं असं काहीतरी लागतं. ते काम चुंबकाचं.

खेळ जुना, चुंबक नवं

सैन्याची मांडणी पटावर करून डावपेच शिकण्याची कल्पना भारताला नवी नाही. चतुरंगाचं नावच सैन्याच्या चार अंगांवरून पडलं. युरोपात प्रशियाच्या राइसविट्झ बापलेकांनी त्याला शिस्त आणली. वडिलांनी १८१२ मध्ये राजाला युद्धखेळाचं टेबल दाखवलं, मुलाने १८२४ मध्ये नकाशावर खेळायचे नियम छापले आणि तो खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणात गेला. म्हणजे ॲडम्स चांद्याला वेढा घालत होता तो काळ या दोन सालांच्या मधला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहून हा खेळ घरातल्या फरशीवर आणला. १९८३ मध्ये इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा ‘वॉरहॅमर’ आला. चौकोनी बैठकीवरच्या सैनिकांचे ठोकळे आणि त्यांचे ट्रे यांची सवय या खेळाने हजारो घरांना लावली.

नेमक्या त्याच सुमारास चुंबकाच्या दुनियेत मोठी उलथापालथ झाली. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं चुंबक तयार केलं. त्याआधीच्या काळ्या फेराइट चुंबकात मसुराच्या दाण्याएवढ्या तुकड्याचा जोर नगण्य असायचा. निओडिमियमची तेवढीच चकती धातूचा सैनिकही उलटा लटकवून धरते. हेडफोन, हार्ड डिस्क आणि विजेच्या गाड्यांच्या मोटारींसाठी ही चुंबकं जगभर बनू लागली, आणि त्यांचे बारके तुकडे छंदिष्टांच्या हाती आले.

आपल्या मातीतलं लोखंड

चुंबकाची दुसरी बाजू लोखंडाची, आणि लोखंडाच्या बाबतीत चंद्रपूर-गडचिरोलीला कुणी शिकवायला नको. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावरचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या कारखान्याचं त्यांचं स्वप्न तिथून सुरू झालं. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उपयोगी पडला नाही. कारखाना शेवटी साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात आज खनिज निघतं आहे.

गंमत अशी, की हे खनिज लोखंडाने गच्च भरलेलं असूनही चुंबकाला दाद देत नाही. ते हेमेटाइट, म्हणजे लोखंडाचा तांबडा ऑक्साइड. त्याला चुंबक अगदी क्षीण ओढतं. त्यातला ऑक्सिजन भट्टीत काढून टाकला की मागे उरतं ते लोखंड मात्र झटकन चिकटतं. स्पंज आयर्नच्या कारखान्यांत याच गुणाचा उपयोग होतो: भट्टीतून बाहेर आलेल्या मालातलं लोखंड चुंबकी ड्रमवर धरलं जातं, उरलेला कोळसा खाली पडतो, आणि ड्रम फिरून चुंबकापासून दूर गेला की लोखंडही सुटतं. घुग्घुसच्या औद्योगिक पट्ट्यात वाढलेल्या मुलाला टेबलावरच्या ट्रेचं तत्त्व वेगळं समजावण्याची गरज नाही.

कुठे चुंबक, कुठे पत्रा

रचना दोन प्रकारची होते. पहिलीत प्रत्येक सैनिकाच्या बैठकीखाली चुंबकाची चकती आणि ट्रेच्या तळाला लोखंडी पत्रा. दुसरीत बैठकीखाली लोखंडी वायसर आणि ट्रेच्या तळाला रबरी चुंबकाची शीट, फ्रिजवर चिकटवायच्या जाहिरातींना असते तशी. दुसरी स्वस्त पडते आणि हलक्या प्लास्टिकच्या सैनिकांना पुरते. धातूचे सैनिक आणि घोडेस्वार असतील तर पहिलीच धरावी. रबरी शीटसमोर रबरी शीट कधी लावू नये. तिच्यात उत्तर-दक्षिण ध्रुवांचे पट्टे एकाआड एक असतात, त्यामुळे सैनिक मधेच उडी मारून भलत्या जागी बसतो.

चुंबकासमोर चुंबक लावलं तर ध्रुवांचा हिशेब सांभाळावा लागतो. एक चकती उलटी बसली, की तो सैनिक जन्मभर ट्रेवरून उडत राहणार. चुंबकासमोर पत्रा असेल तर ही कटकट नाही, कारण लोखंड दोन्ही ध्रुवांना सारखंच चिकटतं. नवशिक्याने पत्राच घ्यावा.

पत्रा कोणता? पत्र्याची कामं करणाऱ्या दुकानात जीआय पत्र्याची कातरण मिळते. अर्धा मिलिमीटर जाडी उत्तम. डब्याचा अगदी पातळ पत्रा चुंबकाची सगळी ताकद पेलू शकत नाही आणि पकड ढिली पडते. ॲल्युमिनियम उपयोगाचं नाही. घरातल्या स्टीलच्या बऱ्याच ताटांनाही चुंबक धरत नाही, म्हणून दुकानात जाताना खिशात एक चकती असू द्यावी.

चकती ५ मिलिमीटर व्यासाची आणि १ मिलिमीटर जाडीची असली, की प्लास्टिकच्या पायदळाला पुरते. धातूच्या सैनिकाला २ मिलिमीटर जाडीची, घोडेस्वाराला दोन चकत्या. एन-३५ हा साधा दर्जा पुरेसा आहे. एन-५२ च्या पकडीत सैनिक उचलताना घोट्यात मोडायची भीती.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अंतराची. चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने घटतो. चकती बैठकीच्या तळापासून एक मिलिमीटर आत राहिली तरी पकड निम्म्याहून कमी होऊ शकते. वर ट्रेच्या पत्र्यावर जाड कागद, वाळू आणि रंगाचे थर असले तर काहीच उरत नाही. दुसरं म्हणजे, सरळ वर ओढताना चुंबक जेवढा विरोध करतं, त्याच्या साधारण पाचव्या भागाइतकाच आडवं सरकवताना करतं, कारण तिथे फक्त घर्षण कामाला येतं. म्हणून चुंबक असलं तरी ट्रेला कड हवीच. सरकणं कड अडवते, उचकटणं चुंबक अडवतं.

बसवायची रीत

प्लास्टिकची बैठक खालून पोकळ असते. त्यात चकती नुसती चिकटवली तर ती वरच्या छताला लागते आणि पत्र्यापासून दूर राहते. यावर एक सोपी युक्ती आहे. सपाट पत्र्यावर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवा, त्यावर चकती. बैठकीच्या पोकळीत एमसीलची छोटी गोळी भरा आणि बैठक त्या चकतीवर दाबा. चकती पत्र्याला धरून राहते, एमसील तिच्याभोवती घट्ट होतं आणि वाळल्यावर चकती तळाशी अचूक सपाट बसलेली असते.

फेविक्विक वापरायचं असेल तर आधी चकतीच्या गुळगुळीत निकेलवर सँडपेपर फिरवा. नाहीतर काही दिवसांनी सैनिक हातात येतो आणि चुंबक पत्र्यावर राहतं. दोन नळ्यांचं इपॉक्सी जास्त भरवशाचं.

ट्रेचं माप बैठकींच्या बेरजेहून किंचित मोठं धरावं. २० मिलिमीटरच्या सहा बैठका म्हणजे १२० मिलिमीटर. आतली रुंदी १२२ ठेवली, की रंगाच्या थरांनाही जागा मिळते. तसंच खोलीला ८० ऐवजी ८२. तळाला एमडीएफ, त्यावर पत्रा, कडेला बारीक पट्टी. पत्र्याच्या कडा कानशीने घासल्याशिवाय लहान मुलांच्या हातात देऊ नयेत. वरून रंगाचा एकच पातळ हात आणि वॉर्निश, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा पत्रा गंजतो. चुंबकाचा निकेलचा थर खरवडला गेला तर तेही गंजून भुगा होतं.

विदर्भाच्या उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. साधं निओडिमियम चुंबक ८० अंशांपर्यंत आपला गुण टिकवून असतं, त्याची काळजी नाही. पण थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचे छापलेले सैनिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतात. चुंबक जागेवर, सैनिक वाकलेला, अशी स्थिती होते. उन्हाळ्यात पेटी गाडीत ठेवून जाऊ नये.

चांद्याचा कोपरा

आता वेढ्याची मांडणी. २८ मिलिमीटरचे सैनिक म्हणजे प्रमाण साधारण ५६ ला १. पाच मीटर उंचीचा तट या प्रमाणात ९ सेंटिमीटरचा होतो, तो सहज करता येतो. पण अकरा किलोमीटरचा अख्खा परकोट करायचा तर भिंत जवळपास दोनशे मीटर लांब होईल. म्हणून एकच कोपरा घ्यावा: तोफांचा मारा झाला तो आग्नेयेचा. सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर एक बुरूज, दोन्ही बाजूंना तटाची भिंत, मधे खिंडार आणि बाहेर झरपटच्या बाजूची मोकळी जमीन बसते.

इंग्रजांच्या कवायती पलटणी चौकोनी बैठकीवर, चुंबकी ट्रेमध्ये. खिंडारापाशी पोचेपर्यंत त्यांना ट्रेवरच न्यावं. ढिगाऱ्यावर चढताना ट्रे तिरका होईल आणि तिथेच चुंबकाची कसोटी लागेल. तटावरच्या बंदूकवाल्यांना ट्रे नको. ते गोल बैठकीवर, सुटे. त्यांच्यासाठी तटाच्या माथ्यावर, रंगाखाली, पत्र्याची अरुंद पट्टी चिकटवली, की धक्क्याने कुणी खाली पडत नाही. एकाच टेबलावर लढण्याच्या दोन तऱ्हा अशा डोळ्यांना दिसतात, आणि शिस्तीची रांग चिंचोळ्या खिंडारात शिरताना का विस्कटते, हे इतिहासाच्या धड्यापेक्षा लवकर कळतं. शाळांच्या प्रदर्शनांसाठी याहून चांगला देखावा सुचवता येणार नाही, कारण चुंबकावरचा देखावा उचलून वर्गावर्गात नेता येतो.

पेटीसाठी वेगळा खर्च करू नये. प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात तळाला जीआय पत्रा बसवला की झालं. डबा हळूच उलटा करून पाहावा. एकही सैनिक पडला नाही, तर तो चंद्रपूरहून अहेरीपर्यंत एसटीतही सुखरूप जाईल.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा. लहान मुलाने अशा दोन चकत्या गिळल्या, तर त्या आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकींना धरतात, मधला भाग दाबला जातो आणि आतड्याला भोक पडतं. असं काही झाल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावं. घरात रांगतं बाळ असेल तर सुट्या चकत्या मोजून कुलपात ठेवाव्यात. पेसमेकर बसवलेल्या माणसाने चुंबकांची डबी छातीच्या खिशात ठेवू नये.

बाकी या छंदात घाई एकाच गोष्टीची करावी: चुंबक रंगाच्या आधी बसवावं. रंगवून तयार झालेला सैनिक उलटा धरून त्याच्या बैठकीत एमसील दाबणं जिवावर येतं, आणि तेवढ्या आळसापायी कित्येकांची पलटण कायमची सुटीच राहते.