लाजऱ्या माशाला सोबत हवी

रविवारी क्रॉफर्ड मार्केटातून पाण्याच्या पिशवीत बसून एंजल मासा घरी येतो आणि सोमवारी पोरांची कुरकुर सुरू होते, मासा दिसतच नाही! तो असतो फिल्टरच्या मागे, कोपऱ्यात, पर मिटून. रंग उतरलेला. नाकासमोरून दाणा हळूहळू खाली गेला तरी तोंड उघडत नाही. मग काळजीपोटी आणखी चिमूटभर खाणं पडतं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर दुकानातून माशाचा 'स्ट्रेस' घालवणारी बाटली येते.

बाटलीचं झाकण उघडण्याआधी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. घाबरलेल्या माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं आणि भूक मरते. पण ज्याला अंग गरम ठेवण्यासाठी अन्न जाळावं लागत नाही, त्याला उपास जड जात नाही. चांगला वाढलेला, धट्टाकट्टा एंजल आठवडाभर सहज काढतो. न खाल्लेलं खाणं मात्र कुजतं, त्यातून अमोनिया सुटतो आणि तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत जम बसवायला काही आठवडे घेतात. थोडक्यात, नवा मासा भुकेने जाण्यापेक्षा मालकाच्या मायेने जाण्याची भीती जास्त. पहिल्या दिवशी दिवा बंद, खाणं बंद. काचेवर टकटक तर नकोच.

ही टकटक माशाला कळते का, यावर एकेकाळी मोठा वाद होता. जर्मनीतल्या रोस्टॉकचे नामांकित कानतज्ज्ञ ओटो क्योर्नर यांचं ठाम मत होतं की मासे बहिरे असतात. त्याच गावात कार्ल फॉन फ्रिश यांनी एक आंधळा मांगूर-जातीचा मासा पाळला होता, लाडाचं नाव झावेर्ल. तो दिवसभर नळीत दडून बसे. फ्रिश आधी शीळ घालत आणि मग काडीला लावून मांसाचा तुकडा त्याच्यापुढे धरत. काही दिवसांतच नुसती शीळ ऐकून झावेर्ल नळीबाहेर येऊ लागला. क्योर्नर स्वतः पाहायला आले, शीळ वाजली, मासा बाहेर आला आणि त्यांना मत बदलावं लागलं. यावरचा फ्रिश यांचा निबंध १९२३चा. मधमाश्यांच्या नाचामुळे फ्रिश यांना पुढे नोबेल मिळालं, त्या झगमगाटात बिचारा झावेर्ल मागे पडला. पण दडून बसणारा मासा ठरावीक खुणेला, ठरावीक जागी, ठरावीक वेळी मिळणाऱ्या घासावर कसा माणसाळतो, याचा इतका नेटका दाखला शोधून सापडणार नाही.

एंजलला मात्र शिळेआधी आणखी काही हवं असतं, आणि ते ओळखणाऱ्या माणसाचं नाव फिशटँकवाल्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. जॉर्ज बार्लो हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले प्राणिवर्तनाचे अभ्यासक. ते ज्या माशाचा अभ्यास करत होते तो आपल्याकडचाच निघाला. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाजणांत राहणारा ऑरेंज क्रोमाइड, म्हणजे गोव्यात चवीने खाल्ल्या जाणाऱ्या कालुंदराचा धाकटा भाऊबंद. क्रोमाइड, कालुंदर आणि अॅमेझॉनचा एंजल, तिघेही सिक्लिड कुळातले. आता माणूस काचेपुढे आला की मासा दडणार किंवा जागीच थिजणार, तर त्याच्या संसाराची टिपणं काढायची कशी?

बार्लो यांनी टाकीत मोकळ्या पाण्यात बिनधास्त फिरणारे दुसरे छोटे मासे सोडले. १९६८ साली त्यांनी ही युक्ती निबंधात मांडली, आणि अशा सोबती माशांना मत्स्यपालक आजही 'डिदर फिश' म्हणतात. तर्क सोपा आहे. वरच्या उघड्या पाण्यात झुंड निवांत पोहत असेल तर आसपास शिकारी नाही. असता तर सगळ्यांत आधी तीच पांगली असती. अपरात्री अनोळखी गावात उतरलेल्या माणसाला चहाची टपरी चालू आणि चार जण गप्पा मारताना दिसले की धीर येतो, तसंच हे. क्रोमाइड त्या झुंडीकडे पाहून बाहेर येतो, जोडी जमवतो, अंडीही घालतो.

पुढे झेब्राफिशवरच्या प्रयोगांनी याला भक्कम आधार दिला. जखमी माशाच्या कातडीतून पाण्यात उतरणारं एक धोक्याचं द्रव्य असतं (शोध पुन्हा फ्रिश यांचाच!). २०१७ साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी दाखवलं की हे द्रव्य पाण्यात असतानाही आपल्या जातीची झुंड नुसती दिसली तरी झेब्राफिशची भीती कमी होते. बाटलीवाल्यांच्या जाहिरातींत असल्या प्रयोगांचा उल्लेख सापडत नाही, कारण उघड आहे. झेब्रा डॅनिओ, म्हणजे हाच झेब्राफिश, बाटलीपेक्षा स्वस्त पडतो.

तेव्हा एंजलसाठी टाकीच्या मागच्या काचेला काळा कागद, आत एखादं उभं लाकूड किंवा रुंद पानांचं झाड, आणि सोबतीला पाच-सहा डॅनिओ. ते दाण्यावर तुटून पडतात, तो गोंधळ पाहून एंजल पुढे सरकतो. सुरुवात कोरड्या दाण्याने न करता हलणाऱ्या खाण्याने करावी, आर्टेमिया किंवा डासांच्या अळ्या. एवढं करूनही कल्ले भराभर हलत असतील किंवा विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल, तर ते लाजणं नव्हे, आजार आहे. आणि सोबतीला निऑन टेट्रा आणायचा मोह होतो, तो आवरावा. वाढलेल्या एंजलच्या तोंडात निऑन अगदी बेताने मावतो.