शामन, कृत्रिम श्वसनातील
श्वसनयंत्रावरील प्रौढ रुग्णास श्वासनालातील नळी सुसह्य व्हावी म्हणून औषधांनी आणलेली नियंत्रित गुंगी. प्रथम फेंटॅनिलसारखे वेदनाहारक व गरजेपुरतेच प्रोपोफॉलसारखे शामक देतात. अतिगुंगीने यंत्र सुटण्यास विलंब होतो. शिकागो येथील अभ्यासात (२०००) औषध रोज थांबविलेल्या गटाचा यंत्रावरील मध्यक काळ ४·९ दिवस, तर इतरांचा ७·३ दिवस होता.

घोटीसारख्या (जि. नासिक) भातशेतीच्या परिसरात मण्यारदंशाचा रुग्ण विशेष लक्षात घ्यावा लागतो. विषाने स्नायू लुळे पडतात, पापण्याही उघडत नाहीत. तरी तो शुद्धीवर असू शकतो, ऐकतो व वेदना जाणतो. प्रतिसाद व हालचालींवर आधारलेली रिचमंड मापनश्रेणी येथे फसते. त्यास बेशुद्ध समजून औषध टाळणे क्रूरपणाचे होय. त्याच्याशी बोलत राहून, नाडी व रक्तदाब पाहून मात्रा ठरवितात.