राजा नव्हे, देवाचा कारभारी

असिरिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात पंखवाले दगडी बैल, सिंहाची शिकार करणारा अशुरबनिपाल आणि हालहाल करून मारलेले कैदी. यातलं काही खोटं नाही. पण ते सारं इ.स.पू. नवव्या ते सातव्या शतकांतलं. इरिशुम पहिला त्याच्या हजार वर्षं आधीचा. सर्वसाधारणपणे मानल्या जाणाऱ्या कालगणनेनुसार त्याची कारकीर्द इ.स.पू. 1974 ते 1935. नाव असिरियन राजांच्या यादीत आहे म्हणून त्यालाही रथ, सैन्य आणि साम्राज्य चिकटवलं जातं. प्रत्यक्षात त्याच्या हाती होतं एक शहर आणि आसपासचं शिवार. शहराचं नाव अश्शूर, आणि शहराच्या देवाचं नावही अश्शूरच. आज इराकमध्ये तैग्रिसच्या पश्चिम काठावर कलात शेरकातला त्याचे अवशेष आहेत.

तो ‘राजा’ होता, हेही अर्धंच खरं. इरिशुमच्या शिलालेखाचा आशय असा, की राजा अश्शूर देव आहे आणि इरिशुम त्याचा कारभारी. उदयपूरचे महाराणे स्वतःला एकलिंगजींचे दिवाण म्हणवत, ते आठवावं. मात्र इथे ही नुसती नम्रता नव्हती. शहरात नागरिकांची सभा होती, नगरभवन होतं, आणि त्याचा प्रमुख दरवर्षी बदले. वर्षाला नाव पडायचं ते या प्रमुखाचं, राजाचं नव्हे. त्याला ‘लिम्मू’ म्हणत. लिम्मूंची जुनी यादी सुरू होते ती इरिशुमच्या पहिल्या वर्षापासून, शू-इश्तार नावाच्या माणसाने. ही पद्धत पुढे तेराशेहून अधिक वर्षं चालली. पुढे साम्राज्य आलं तेव्हा राजे स्वतःच लिम्मू होऊ लागले, यावरून काय बदललं ते कळतं.

कानेश त्याने जिंकलं, हा तिसरा समज. तुर्कस्तानातल्या कायसेरीजवळ कुलतेपे इथे, म्हणजे जुन्या कानेशमध्ये, मातीच्या सुमारे 23 हजार पाट्या सापडल्या, बहुतेक अश्शूरच्या व्यापाऱ्यांच्या. या ठिकाणाला ‘असिरियन वसाहत’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. ती होती वखार. जमीन तिथल्या स्थानिक राजाची, व्यापारी पाहुणे. (सुरतेच्या वखारीचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, पण इथे तसं काही घडलं नाही.) गाढवाच्या पाठीवर साधारण 65 किलो कथील आणि वर थोडं कापड लादायचं, हजारेक किलोमीटर चालायचं आणि चांदी घेऊन परतायचं. बहुतेक पाट्या इरिशुमनंतरच्या एक-दोन पिढ्यांच्या आहेत, पण त्याच्या एका लेखाची मातीवरची नक्कल कानेशमध्येच मिळाली.

त्याने सगळे कर रद्द केले, हे वाक्य तर हमखास भेटतं. चांदी, सोनं, तांबं, कथील, जव, लोकर, अगदी कोंडा आणि भुशापर्यंत आपण ‘मुक्ती’ दिली, असं तो स्वतः सांगतो. या मुक्तीचा अर्थ काय, यावर अभ्यासक भांडतात: कोणी व्यापार खुला केला म्हणतात, कोणी कर्जमाफी. करमुक्त नगरी मात्र नक्की झाली नव्हती. पुढच्या व्यापाऱ्यांच्या हिशेबांत अश्शूरमधून माल बाहेर नेताना किमतीच्या 120व्या भागाइतका कर दिसतो, आणि कानेशचा राजवाडा कापडातून 5 टक्के काढून घेई.

मला मात्र सर्वांत जवळचा वाटतो तो बांधकाम करणारा इरिशुम. अश्शूरचं देऊळ बांधताना भिंतीभिंतीत तूप आणि मध कालवल्याचं त्याने लिहून ठेवलंय. आपल्याकडे चुन्यात गूळ घालत ते मजबुतीसाठी. इथे तो देवाचा मान असावा. देवळाजवळच्या पायऱ्यांच्या दरवाजापाशी सात दैवी न्यायाधीश बसवले, त्यांची नावंही लेखात दिली. त्या दरवाजात कोणी खोटंनाटं बोललं, तर पडक्या जागेतलं भूत त्याचं तोंड धरील, डोकं मडक्यासारखं फुटेल आणि तो मोडक्या वेतासारखा कोसळेल. साक्षीदाराला शपथ घालण्याची ही रीत कोणत्याही चावडीवर चालली असती.

त्याची कारकीर्द नेमकी किती, यावर राजयादीच्या प्रतींतच मतभेद: कुठे 30 वर्षं, कुठे 40. पुढच्या राजांनी तर आणखीच गोंधळ केला. देवळाची डागडुजी करताना शाल्मनेसर पहिल्याने हिशेब मांडला: इरिशुमपासून मधल्या काळातल्या शम्शी-अदाद राजापर्यंत 159 वर्षं, तिथून आपल्यापर्यंत 580. काही शतकांनी एसारहद्दोनने त्याच टप्प्यांसाठी 126 आणि 434 हे आकडे दिले. बेरजांत 179 वर्षांचा फरक! कानेशमध्ये मिळालेल्या लिम्मूंच्या याद्या मात्र चाळीस नावं मोजून दाखवतात. कर्जाची मुदत कोणत्या लिम्मूच्या वर्षात संपते, हे व्यापाऱ्याला चुकवून चालत नसे.