रोझमेरीचे पाणी खरेच केस वाढवते का?

ऑस्ट्रेलियात २५ एप्रिलला, अ‍ॅन्झॅक दिनी, लोक छातीवर रोझमेरीची डहाळी लावतात. १९१५ मध्ये त्यांचे सैनिक जिथे लढले, त्या गॅलिपोलीत ती रानात उगवते. युरोपात ती पूर्वापार स्मरणाची खूण. लग्नात असायची, अंत्ययात्रेतही. एरवी भाजलेल्या बटाट्यांत किंवा कसर लागू नये म्हणून कपाटात.

आपल्याकडे ती आली रील्समधून, थेट केसांत! आधार २०१५ मधील इराणच्या चाचणीचा. टक्कल पडू लागलेले १०० रुग्ण. निम्म्यांना रोझमेरी तेल, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल. तीन महिन्यांत फरक नाही. सहाव्या महिन्यात दोन्हीकडे केस सारखेच वाढलेले. पण चाचणी तेलाची होती, उकळलेल्या पाण्याची नव्हे. पाण्याच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध सोडू नका. तेलही निव्वळ नको, टाळूची आग होऊ शकते. खोबरेलात थोडे थेंब पुरे.