उंची एसयूव्हीची, चाल कारची
महिंद्रा एक्सयूव्ही७००, पहिली आवृत्ती

● आगमन : ऑगस्ट २०२१. कारखाना पुण्याजवळ चाकणला.

● माप : लांबी ४,६९५ मिमी, व्हीलबेस २,७५० मिमी. आसनं पाच किंवा सात.

● ताकद : २ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, २०० पीएस, ३८० न्यूटन मीटर टॉर्क. २.२ लिटर डिझेलला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेतला, तर टॉर्क ४५० न्यूटन मीटर.

● चाल : बोलेरोसारखी वेगळी चासी नाही, बांधणी मोनोकॉक. त्यामुळे वजन आटोक्यात आणि घाटातल्या वळणांवर डोलणं कमी.

● गंमत : डिझेलमधल्या ड्राइव्ह मोडची नावं झिप, झॅप आणि झूम.

● सुरक्षा : २०२१ च्या ग्लोबल एनसीएपी चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच, मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे.