टेंभलीचे आधार, नर्मदेचा लवाद आणि मनमोहन सिंग

डॉ. मनमोहन सिंग यांचे नाव निघाले की चर्चा टू-जी, कोळसा खाणी आणि त्यांचे मौन एवढ्यावर थांबते. नंदुरबारशी मात्र त्यांच्या कारकिर्दीतील दोन निर्णयांचा थेट संबंध आहे. एक राज्यांच्या भांडणाचा, दुसरा भ्रष्टाचार रोखण्याचा.

नर्मदेच्या पाण्यावरून मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र आणि राजस्थान यांच्यातील वादावर लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला. त्यात अट होती, आधी पुनर्वसन आणि मगच बुडीत. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील ३३ आदिवासी गावे बाधित होत असल्याने ही अट आपल्या जिल्ह्यासाठी जगण्या-मरण्याची होती.

मार्च २००६ मध्ये धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटर करण्यास परवानगी मिळाली. मेधा पाटकर दिल्लीत उपोषणाला बसल्या. काम थांबू नये म्हणून गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदीही अहमदाबादेत बसले. पंतप्रधानांनी सैफुद्दीन सोझ, मीरा कुमार आणि पृथ्वीराज चव्हाण या मंत्र्यांना खोऱ्यात पाठवले. मध्य प्रदेशातील पुनर्वसन बरेचसे कागदावरच आहे, असे त्यांनी परत येऊन सांगितले. राज्यांचे एकमत झाले नाही. मग माजी महालेखापाल व्ही. के. शुंगलू यांचा गट नेमला गेला आणि त्याच्या अहवालानंतर जुलैमध्ये पंतप्रधानांनी काम थांबवण्यास नकार दिला.

आमच्या मते मध्यस्थ इथे कमी पडला. आपल्याच मंत्र्यांनी डोळ्यांनी पाहिलेले बाजूला राहिले. पुढे मध्य प्रदेशात विस्थापितांच्या नावाने बनावट खरेदीखतांची प्रकरणे निघाली आणि उच्च न्यायालयाला २००८ मध्ये न्यायमूर्ती झा आयोग नेमावा लागला. म्हणजे पाण्याचा वाद आणि भ्रष्टाचार हे दोन वेगळे विषय राहिलेच नाहीत. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत भांडण पेटले तेव्हा सिद्धार्थाने दोन्ही बाजूंचे दोन-दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, असा मार्ग सुचवल्याचे आपण बाबासाहेबांच्या ग्रंथात वाचले आहे. नर्मदेच्या बैठकीत राज्ये होती, बुडणारी गावे नव्हती.

दुसरा निर्णय शहादा तालुक्यातील टेंभलीचा. २९ सप्टेंबर २०१० रोजी डॉ. सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातील पहिले आधार क्रमांक इथे दिले गेले. बनावट लाभार्थी गळावेत, हा हेतू. एकाच माणसाच्या दोन शिधापत्रिका आधारमुळे पकडता येतात, हे मान्य. पण अंत्योदयच्या ३५ किलोंवर अंगठा घेऊन ३० किलोच मापणारा दुकानदार त्यातून सुटतो. मजुरीने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राने घेतले नाहीत, तर खरा लाभार्थीच रिकाम्या हाताने परततो. सातपुड्यातल्या नेटवर्कबद्दल तर बोलायलाच नको.

लोकपाल कायद्याला २०१४ उजाडले. त्याच सरकारने १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू केलेला माहितीचा अधिकार आम्हाला अधिक कामाचा वाटतो. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत, उत्तराची मुदत ३० दिवस. रेशन दुकानाचे साठा रजिस्टर आणि महिनावार वाटपाची यादी मागवा. ती ग्रामसभेत मोठ्याने वाचली, की आपल्या नावावर किती धान्य चढले आणि घरात किती आले, हे शिधापत्रिकाधारक स्वतःच सांगू लागतात.